तेलवहीतले पत्र

मित्रांनो, मी एक जुना व्हॅक्यूम पंप आहे. माझी कथा रीतीप्रमाणे कारखान्यापासून सुरू व्हायला हवी, आणि तशी ती मी सांगणारही आहे. पण आठवायला बसलो की सर्वांत आधी मला एक पत्र आठवते. ते मला आलेले नव्हते. पंपाला कोण पत्र लिहिणार? ते तेलमामांना आले होते. त्यांनी त्याचे उत्तर दिले नाही, आणि ते पत्र अकरा वर्षे माझ्या तेलवहीत पडून राहिले.

तेलवही म्हणजे माझे तेल कधी बदलले त्याची नोंद ठेवायची वही. ती सुतळीने माझ्या कडीला बांधलेली असे. दर तीन महिन्यांनी तेलमामा माझे तेल बदलत, हात पुसत, वहीत तारीख लिहीत, आणि मग ते पत्र बाहेर काढून वाचत. वाचून झाले की जुन्याच घड्यांवर घडी घालून परत ठेवत. असे चव्वेचाळीस वेळा झाले. त्रेचाळीस वेळाही झाले असेल. माझ्या मोजण्यावर फार विसंबू नका.

पत्रात एकच प्रश्न होता आणि त्याचे उत्तर एका शब्दात देता आले असते. मग ते दिले का गेले नाही, हे मला बरीच वर्षे कळले नाही. आता थोडेफार कळले आहे, असे वाटते.

माझा जन्म ओतीव लोखंडाचा. साच्यातून काढल्यावर कोणीतरी माझ्या पोटावर हातोडीने टकटक केले, आवाज ऐकला आणि मान डोलावली. ती माझ्या आयुष्यातली पहिली शाबासकी होती. तेव्हा मला वाटले, मला मारत आहेत.

शेजारच्या रांगेत पाण्याचे पंप तयार होत. त्यांची चाचणी झाली की धो धो पाणी पडे आणि सगळे खूश होत. माझी चाचणी झाली तेव्हा काहीच पडले नाही. दाबमापकाच्या काट्याने हळूच मान टाकली, आणि तपासनीस म्हणाला, "उत्तम." मी गोंधळलो. शिंपी कपडा शिवतो, गवंडी भिंत बांधतो, आणि मी? मी बंद भांड्यातली हवा बाहेर काढतो. म्हणजे मी 'काही नाही' तयार करतो. ते जितके जास्त 'काही नाही', तितका मी चांगला. आयुष्यभर मी या कोड्यावर विचार केला आहे, आणि अजून ते मला नीट सुटलेले नाही.

कारखान्यातून मला एका प्रयोगशाळेत आणले. दुसऱ्या मजल्यावर, लांब व्हरांड्याच्या टोकाला आमची खोली होती. खोलीच्या मधोमध एक भक्कम टेबल, टेबलावर काचेचा घुमट, घुमटाखालून निघालेली एक जाड नळी, आणि नळीच्या खालच्या टोकाला, टेबलाखाली, मी. त्यामुळे माझ्या वाट्याला माणसांचे फक्त पाय आले. चेहरे मला क्वचितच दिसले. मी माणसे ओळखायला शिकलो ती चपला-बुटांवरून.

आणखी एक अडचण होती. मी चालू असलो की इतका धडधडे की त्या आवाजात मला दुसरे काही ऐकू येत नसे. ऐकू येई ते फक्त बंद असताना. म्हणजे काम करताना मी बहिरा, आणि ऐकू यायला लागले की बेकार. असा साक्षीदार कोणाच्या काय कामाचा? पण त्या दिवशी मीच एकटा साक्षीदार होतो, काय करणार?

तेलमामा आमच्या प्रयोगशाळेचे मेकॅनिक. सगळ्या पंपांचे तेलपाणी त्यांच्याकडे, म्हणून संशोधकांनी त्यांना ते नाव दिले. पुढे त्यांच्या बायकोलाही सगळे मामीच म्हणू लागले. मामांचे बूट तपकिरी, टाचेकडे आत झिजलेले. बोलणे कमी, वाचणे फार. पुस्तकाला खाकी कव्हर घातल्याशिवाय ते पहिले पान उघडत नसत, आणि साबणाने हात धुतल्याशिवाय दुसरे. कोणी पुस्तकाचा कोपरा दुमडला की त्यांच्या जिवाला लागे. मी बंद असलो आणि खोलीत कोणी नसले की ते मला मोठ्याने वाचून दाखवत. माझी ही भाषा त्यांचीच आहे. म्हणून ती पंपाला शोभण्यापेक्षा जरा जास्त पुस्तकी आहे.

त्यांचा एक स्वभाव मात्र सगळ्यांच्या थट्टेचा विषय होता. त्यांना स्वतःचा भरवसा वाटत नसे. संध्याकाळी फाटकापर्यंत गेलेले बूट परत येत. दिवा बंद केला का ते पाहत. मग पुन्हा जाऊन पुन्हा येत. मघाशी नीट पाहिले का ते पाहायला. वॉचमन म्हणे, "मामांना घरी जायचं असलं की दुपारीच निघावं लागतं."

आता त्या पान्ह्याबद्दल सांगतो, कारण सगळी गोष्ट त्याच्यावर आहे.

मी आणि घुमट यांच्यामधल्या नळीवर एक व्हॉल्व्ह होता. तो उघडा असताना मी चालू राहिलोच पाहिजे. मी मध्येच थांबलो तर काय होते, सांगू का? तुम्ही नळीने सरबत ओढता तेव्हा तोंडात पोकळी होते आणि सरबत वर चढते. घुमटात तर कितीतरी मोठी पोकळी. मी थांबलो की बाहेरची हवा माझ्यातून आत घुसते आणि माझ्या पोटातले तेल वर, थेट घुमटात ढकलते. म्हणून वीज गेली की लगेच व्हॉल्व्ह बंद करायचा, हा नियम. त्यासाठी कोणीतरी सतत जवळ हवे.

त्या व्हॉल्व्हची मूठ तुटलेली होती. नवी मूठ 'मागवली आहे', असे तीन वर्षे चालले होते. तोवर व्हॉल्व्ह फिरवायला एक जुना पान्हा वापरत. हळूहळू तीच तिथली रीत झाली. ज्याच्याकडे पान्हा, त्याच्यावर पहारा. चहाला जायचे असेल तर पान्हा दुसऱ्याच्या हातात द्यायचा. टेबलावर ठेवून जायचे नाही. घेणाऱ्याने 'घेतला' म्हणायचे, मगच देणाऱ्याने पाय उचलायचा. मूठ तुटली म्हणून निघालेला नियम, पण लोक तो देवाघरचा असल्यासारखा पाळत.

मग ताई आल्या, आमच्या नव्या संशोधक. निळ्या चपला, डाव्या चपलेचा पट्टा बारीक तांब्याच्या तारेने बांधलेला. चपला घ्यायला वेळ नसावा, किंवा लक्ष नसावे. ताई घुमटात ठेवलेल्या, तळहाताएवढ्या काचेच्या चकतीवर धातूचे पापुद्रे चढवत होत्या. एकावर एक असे चाळीस, रोज एक. ते इतके पातळ की सगळे मिळूनही केसाच्या जाडीत हरवले असते. चाळीस पुरे झाले की ती चकती हजार रंगांतून नेमका एकच रंग परत पाठवील, असे त्या म्हणत. पण चाळीस दिवस चकतीला बाहेरची हवा लागता कामा नये. संध्याकाळी व्हॉल्व्ह बंद, सकाळी उघडा, आणि दिवसभर पहारा. दोन वर्षे त्या याची तयारी करत होत्या.

रोज सकाळी त्या वाकून माझ्या पोटाला हात लावत. मला वाटे, माया करतात. नंतर कळले, मी तापलो आहे का ते पाहत होत्या. तरी मला ते आवडे.

अडतिसावा दिवस. दुपार, चहाची वेळ. निळ्या चपला टेबलाच्या या बाजूला, तपकिरी बूट खिडकीजवळच्या खुर्चीखाली. मामांच्या हातात नवे पुस्तक होते. आदल्याच दिवशी त्यांचा वाढदिवस होऊन गेला होता आणि मामींनी ते भेट दिले होते. बर्फाच्या समुद्रात गेलेल्या एका जहाजाची ती हकिगत होती. सकाळी मला सुरू करण्याआधी मामांनी तिची पहिली चार पाने मला वाचून दाखवली होती.

निळ्या चपला चालू लागल्या. बुटांपाशी गेल्या. थांबल्या. चपलांची टोके बुटांच्या टोकांकडे होती. किती वेळ थांबल्या? माझ्या चाकाचे बारा-पंधरा फेरे. मग त्या दाराबाहेर गेल्या. काय बोलणे झाले, झाले की नाही, ते माझ्या धडधडीत मला ऐकू आले नाही.

त्याच वेळी वायरमन व्हरांड्यातली ट्यूब बदलायला आला होता. त्याने बोर्डावरचे 'व्हरांडा' लिहिलेले बटण बंद केले. त्याची यात काही चूक नव्हती. फार वर्षांपूर्वी कोणीतरी घाईच्या दिवशी माझ्या प्लगाची वायर व्हरांड्याच्या लाइनवरून ओढली होती, आणि बोर्डावर तसे लिहायचे राहून गेले होते. कोणी ओढली, ते कोणालाच माहीत नाही.

मी थांबलो.

थांबणे मला नवे नव्हते. पण त्याला रीत असते. आधी व्हॉल्व्ह बंद होतो, मग मला थोडी हवा देतात, मग बटण. हे असे घास तोंडात असताना ताट ओढल्यासारखे कधी झाले नव्हते. मला काही कळेना. मला वाटले, मी मेलो. पण मेलो तर ऐकू कसे येते? व्हरांड्यात वायरमन शीळ घालत होता. खुर्चीवर मामांनी एक लांब, सुखाचा सुस्कारा सोडला. मग पान उलटल्याचा आवाज आला.

मला वाटले, मामा पान उलटत आहेत, म्हणजे सगळे ठीक असेल. मामा चुकायचे नाहीत. तेवढ्यात माझे तेल हलले. ते वर निघाले. जन्मभर मी ज्या दिशेने हवा खेचली, त्याच्या उलट दिशेने माझ्यातून काहीतरी चालले होते आणि ते मला धरता येत नव्हते. मी ओरडलो असतो, पण माझा आवाज विजेचा. ती नाही तर मी मुका. पुन्हा एक पान उलटले.

मग ट्यूब बदलून झाली असावी. वीज आली आणि मी खाकरत, गुरगुरत सुरू झालो. त्या विचित्र आवाजाने तपकिरी बूट ताडकन उठले. काहीतरी धपकन मिटल्यासारखे वाटले, नळीवर पान्ह्याचा धक्का बसला, आणि मला बंद केले गेले. चहाहून परतलेल्या निळ्या चपला दारातच थांबल्या. त्या बराच वेळ तिथून हलल्या नाहीत.

चकती बाहेर काढली तेव्हा तिच्यावर तेलाचा पातळ थर होता. रस्त्यावरच्या डबक्यात तेल सांडले की दिसतात तसे सगळे रंग तिच्यावर पसरले होते. बघायला आलेले दोघे-तिघे म्हणाले, "दिसतेय मात्र छान." एकच रंग हवा होता, आणि आले सगळेच. मला लाज वाटली. तेल माझे होते ना!

दुसऱ्या दिवशी मोठे सर आले. मोठे सर म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख. बूट काळे, आरशासारखे. मी बंद होतो, म्हणून त्या दिवशीचे सगळे मी ऐकले. वायरमनने आपली बाजू सांगितली आणि ती सर्वांना पटली. मग सरांनी मामांना विचारले, उठलात तेव्हा पान्हा कुठे होता?

"टेबलावर होता, सर," मामा म्हणाले.

हे खोटे नव्हते. खिडकीजवळही एक छोटे टेबल होतेच.

"तुम्ही तो कोणाच्या हातात दिला होता का?" सरांनी ताईंना विचारले.

"मामांना दिला, असं वाटतं," ताई म्हणाल्या. मग थांबल्या. "पण अडतीस दिवस नीट झोप नाही, सर. ठेवलाही असेन टेबलावर. खरंच आठवत नाही."

निळ्या चपला वळून बुटांकडे तोंड करून उभ्या राहिल्या. बूट अर्धे पाऊल मागे सरकले.

सर कठोर नव्हते. पण कागदावर काहीतरी लिहावे लागते, तसे लिहिले गेले: पान्हा हाती न देता टेबलावर ठेवला, त्यामुळे पहारा नव्हता. दोष ताईंच्या नावापुढे लागला. घुमटाची पाळी दुसऱ्याला मिळाली. महिन्याभरात निळ्या चपला दिसेनाशा झाल्या. आणि गंमत अशी की पुढच्याच आठवड्यात व्हॉल्व्हची नवी मूठ आली. पान्हा खिळ्याला टांगला गेला.

मामांनी ते जहाजाचे पुस्तक कपाटाच्या तळाशी टाकले आणि पुन्हा उघडले नाही. त्या खोलीत त्यांनी त्यानंतर कधी कुठले पुस्तक वाचलेही नाही. मला वाटले, माझ्यावर राग आहे. कित्येक महिने मी याच समजुतीत होतो.

वर्षभराने पत्र आले. मामांनी ते माझ्याशेजारी उकिडवे बसून, पुटपुटत वाचले. मी तुम्हाला जसेच्या तसे सांगतो. त्रेचाळीस-चव्वेचाळीस वेळा ऐकल्यावर पाठ झाले आहे.

"मामा, नमस्कार. मी बरी आहे. इथे एका शाळेत विज्ञान शिकवते. मुलं प्रश्न फार विचारतात, म्हणून मीही एक विचारते. त्या दिवशी पान्हा तुमच्याकडे होता का? मी तो दिवस रोज आठवते, आणि रोज तो वेगळाच आठवतो. राग कोणावर नाही. मला पुन्हा प्रयोगाच्या कामाला हात घालायचा आहे, पण माझ्याच हातांवर माझा भरवसा राहिलेला नाही. हो किंवा नाही, एवढंच कळवा."

मामांनी उत्तर लिहायला घेतले. खरेच घेतले, मी पाहिले आहे. पण मायना अडला. 'आदरणीय' लिहावे तर त्या वयाने लहान. 'चिरंजीव' लिहावे तर त्या शिकलेल्या. 'प्रिय' लिहून त्यांनी घाबरून खोडले. दुसऱ्या वेळी मायन्यापुढे गेले, तर मजकूर अडला. 'हो' लिहावे तर नक्की आठवत नाही. 'नाही' लिहावे तर तेही नक्की आठवत नाही. मनाला विचारले की एकदा पान्ह्याचा थंडपणा तळहाताला आठवे, एकदा आठवत नसे. "खात्री झाली की लिहू," ते मला म्हणाले. खात्री न झालेले कागद चुरगळून टोपलीत गेले.

मला त्यांना सांगायचे होते की चपला थांबल्या होत्या, बुटांसमोर, टोकाला टोक. पण सांगणार कसे? आणि सांगता आले असते, तरी त्याचा अर्थ काय, हे मलाच कुठे ठाऊक होते? कदाचित ताई नुसती वेळ विचारायला थांबल्या असतील. कदाचित पट्ट्याची तार रुतली असेल.

वर्षे गेली. मला वेगळी वायर मिळाली, आपोआप मिटणारा व्हॉल्व्ह मिळाला. जे माझ्या तरुणपणी मिळायला हवे होते, ते म्हातारपणी मिळाले. मग बिनतेलाचे नवे पंप आले. ते गुपचूप चालतात. मी कोपऱ्यात गेलो. माझ्यावर कोणी पेपर ठेवी, कोणी चहाचा कप. मामा मात्र काम नसलेल्या पंपाचेही तेल दर तीन महिन्यांनी बदलत. लोक हसत. तेल हे निमित्त होते, हे त्यांना काय माहीत?

शेवटी मामांची निवृत्ती आली. त्याच आठवड्यात ठरले की मला एका शाळेला द्यायचे, मुलांना आतले भाग बघता यावेत म्हणून माझ्या पोटाला खिडकी पाडून. म्हणजे आम्ही दोघे एकाच दिवशी निघालो. त्या दिवशी मला कोपऱ्यातून ओढून खोलीच्या मध्यभागी ठेवले होते, आणि पहिल्यांदाच मला सगळे नीट दिसत होते. मामी सामान न्यायला आल्या होत्या. बुटके, ठाम पाय आणि तितकाच ठाम आवाज. त्या कपाट रिकामे करत होत्या, आणि मामा बांधलेली दोरी सोडून, पुन्हा तपासून, पुन्हा बांधत होते.

तळाशी त्यांना ते खाकी कव्हराचे पुस्तक सापडले.

"हे मी दिलेलं. वाचलंत का पुरतं?"

मामांनी दोरीची गाठ पुन्हा सोडली.

"अहो, म्हणजे ते जहाज बारा वर्षं बर्फातच अडकलंय होय? खलाशी बिचारे म्हातारे झाले असतील." असे म्हणत त्यांनी पुस्तक उघडले, आणि त्यांचा आवाज बदलला. "हे काय केलंत? माझा ओला हात लागला तर चार दिवस बोलत नाही तुम्ही माझ्याशी. आणि स्वतः पुस्तकावर पान्हा ठेवलात? तेलाने बरबटलेला?"

"मी नाही ठेवणार," मामा म्हणाले. "पुस्तकावर? मी?"

"मग हे काय, मी छापलं?"

मामांनी पुस्तक हातात घेतले. दोन समोरासमोरच्या पानांवर आडवा, पिवळसर, तेलाचा ठसा होता. एका टोकाला उघडा जबडा, मध्ये दांडा, दुसऱ्या टोकाला भोक. तोच पान्हा. पुस्तक मिटू नये म्हणून वजन ठेवावे, तसा. मामांनी पान उलटले. पुढच्या दोन पानांवर तोच ठसा, जरा फिका. आणखी एक पान. तिथेही, आणखी फिका. त्यापुढे कोरे.

मामा जमिनीवर बसले, माझ्या अगदी शेजारी. इतक्या वर्षांत मी त्यांचा चेहरा एवढ्या जवळून प्रथमच पाहत होतो. तो बुटांपेक्षा जास्त झिजलेला होता.

"माझ्याकडे होता," ते म्हणाले.

त्यांनी तेलवहीतून पत्र काढून मामींना दिले. मामींनी उभ्यानेच वाचले, मग त्याही खाली बसल्या. ठसा पाहून जे आठवले, ते सगळे मामांनी त्यांना सांगितले, आणि मला जे बारा वर्षे कळले नव्हते, ते मीही तेव्हाच ऐकले. ते पुस्तकात इतके बुडाले होते, की कोणीतरी जवळ आले, हाताला काहीतरी थंड लागले, आणि वाऱ्याने पाने उडत होती म्हणून त्यांनी ते पानांवर ठेवले. प्रत्येक पान उलटताना उचलून पुन्हा ठेवले. मधेच पंप थांबला तेव्हा त्यांना एवढेच वाटले, की आज वाचायला किती निवांत वाटते आहे. हे सगळे डोक्यातून पुसले गेले, कारण त्या वेळी डोके जहाजावर होते.

"आणि अकरा वर्षं तिला काहीच कळवलं नाहीत?" मामींनी विचारले.

"मला नक्की माहीत नव्हतं गं."

"मग तेच लिहायचं. मला नक्की माहीत नाही, म्हणून." मामींचा आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता. "ती पोर एकटी समजत राहिली की आठवत नाही ते फक्त आपल्यालाच. तेवढं कळलं असतं, तरी तिचं निम्मं ओझं उतरलं असतं."

मामांनी मान हलवली. मग ते उठले, हात साबणाने धुऊन आले, पट्टी घेतली, आणि ज्या माणसाच्या जिवाला पुस्तकाचा दुमडलेला कोपराही लागे, त्याने पट्टी लावून सर्वांत गडद ठशाचे पान पुस्तकातून फाडले. आवाज लहानसा झाला. मामींनी तोंड फिरवले.

आधी त्यांनी तेलवहीच्या शेवटच्या पानावर चार ओळी लिहिल्या, खाली सही केली, आणि वही आताच्या मोठ्या सरांना नेऊन दिली. जुन्या कागदावर ताईंच्या नावापुढे जे लिहिले आहे ते चूक आहे, एवढेच तीत होते. सरांनी तो कागद शोधून तिथे टीप जोडतो, असे सांगितले. परत येऊन मामा पत्र लिहायला बसले. मायना या वेळी अडला नाही. लिहून झाल्यावर त्यांनी ते वाचून दाखवले. मामींना की मला, कोण जाणे.

"ताई, पान्हा माझ्याकडे होता. तुम्ही हातात दिलात की शेजारी ठेवलात, हे मला अजूनही आठवत नाही. पण मी तो घेतला, आणि वजन म्हणून पुस्तकावर ठेवला. सोबतचं पान पाहा. पहारा माझा होता. चूकही माझी. तुमच्या हातांत काही दोष नाही. निदान 'मला माहीत नाही' एवढं तरी मी तेव्हाच कळवायला हवं होतं. तेही मी केलं नाही. हा पत्ता अजून तुमचा आहे की नाही, हेसुद्धा मला माहीत नाही. तरी पाठवतो."

मित्रांनो, आता मी तुमच्या शाळेच्या जिन्याखाली उभा आहे. माझ्या पोटाच्या खिडकीतून तुम्ही आत डोकावता. माझ्या अंगावरची धूळ अधूनमधून पुसा, माझ्या कडीला लोंबकळू नका, हे तर मी सांगेनच. यंत्रांनाही थोडी माया लागते. पण त्याहून मोठी गोष्ट मला मामांच्या पायाशी बसून कळली. कोणी तुमच्या हातात काही दिले, तर क्षणभर पुस्तकातून मान वर काढा आणि 'घेतला' म्हणा. पुस्तक कुठे जात नाही. आणि कोणी मनापासून काही विचारले, आणि तुम्हाला उत्तर येत नसले, तर खात्रीची वाट पाहत बसू नका. 'माहीत नाही' हेही उत्तरच आहे. हे मी फार शहाणा म्हणून सांगत नाही. मी स्वतः अजून पुष्कळ गोष्टींत गोंधळलेलाच आहे. ते पत्र पोहोचले का, हेही मला माहीत नाही.

पण ते टाकले गेले, हे मला माहीत आहे. मी टेम्पोच्या मागच्या भागात होतो, मामा-मामी माझ्याच शेजारी, सामानावर बसलेले. चौकात टपालपेटी दिसल्यावर मामांनी टेम्पो थांबवायला सांगितला. ते उतरले. पाकिटावरचे तिकीट अंगठ्याने दाबून पाहिले, पत्ता पुन्हा एकदा वाचला, आणि हात पेटीत घातला. मग येऊन आपल्या जागी बसले.

मामींना त्यांचा स्वभाव ठाऊक होता. ड्रायव्हरला थांबायची खूण करून त्या म्हणाल्या, "जाऊन बघता का एकदा, नीट आत पडलं का ते?"

"नको," मामा म्हणाले. "पडलं. मी आवाज ऐकला."

मी बंद होतो, म्हणून तो मलाही ऐकू आला.